कवा येतोय आवाज?

जुन्या गाडीचा मालक गॅरेजात शिरला की पहिली दोन-चार मिनिटं तो माणूस राहत नाही, इंजिन होतो. एरवी ग्रामसभेत घसा खाकरून मोजकंच बोलणारे निवृत्त मुख्याध्यापक कवठे महांकाळातल्या एखाद्या गॅरेजच्या दारात उभे राहतात, ओठांचा चंबू करतात आणि "टक्-टक्-टक्-खर्र... नाही नाही, टर्र-टक्, टर्र-टक्" असं काहीतरी करून दाखवतात. बाकड्यावर बसलेली चार माणसं ते अत्यंत गांभीर्यानं ऐकतात. यात हसण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही. बाई सोबत असतील तर त्या दुरुस्ती सुचवतात, "अहो तसा नाही, जरा नाकातनं येतो." मग मुख्याध्यापक नाकातनं काढून दाखवतात. बाकड्यावरचा एक जण म्हणतो, "आमच्या मेव्हण्याच्या गाडीचा सेम असाच यायचा, बेरिंग गेलतं." दुसरा म्हणतो, "छ्या! टॅपेट हाय ते." तिसऱ्याला गाडी नाही, पण मत आहे. मिस्त्री मात्र हातातला पाना पुसत एवढंच विचारतो, "सर, कवा येतोय आवाज?" आणि सगळी सभा गप्प होते. आवाज कसा येतो याची रंगीत तालीम घरून करून आलेल्या माणसानं तो कधी येतो याकडं लक्षच दिलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की जुन्या गाडीच्या दुखण्यात ‘कसा’ची किंमत चार आणे आणि ‘कधी’ची बारा आणे. आपण सगळे मात्र चार आण्यांची चिल्लर मुठीत घट्ट धरून गॅरेजात जातो आणि मिस्त्रीला काही कळत नाही म्हणून परत येतो.

या भागातल्या माणसाला स्वतःच्या कानाचा एवढा भरवसा का, याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोडच्या माळावर कारखाना मांडला, ती किर्लोस्करवाडी याच सांगली जिल्ह्यातली. पलीकडं सातारा रोडला कूपरचा कारखाना. त्याचे मालक सर धनजीशा कूपर 1937 साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही झाले होते. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. त्यांचं मंत्रिमंडळ एप्रिलमध्ये चालू झालं आणि जुलैत बंद पडलं. कारखान्याची इंजिनं मात्र विहिरींवर पुढं कित्येक वर्षं चालली. म्हणजे विहिरीवरचं इंजिन बांधावरून ऐकायचं आणि पाणी उचललंय की नुसतंच पळतंय ते सांगायचं, हे शिक्षण इथं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. आज इंजिनाच्या जागी मोटर आली, म्हैसाळ योजनेचं आवर्तन आलं, द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर आला, तरी रात्री शेतीपंपाची वीज आली की अर्धवट झोपेत मोटरीचा सूर ऐकून "बोअरनं पाणी सोडलं" असं सांगणारी माणसं गावोगावी आहेत, आणि ती बहुधा चुकत नाहीत. पण इथंच गफलत होते. विहिरीवरचं इंजिन एका जागी, एका वेगानं, एकाच ओझ्याखाली चालतं. त्यामुळं तिथं आवाज बदलला म्हणजे काहीतरी बिघडलंच. गाडी तशी चालत नाही. ती थंड असते, तापते, चढते, उतरते, वळते, गिअर बदलते, स्पीडब्रेकरवर आपटते, मागच्या शिटावर बेदाण्याचे बॉक्स असले तर एक बोलते आणि सासुरवाडीची माणसं असली तर दुसरंच बोलते. विहिरीच्या इंजिनाला जो कान चालला तोच गाडीला लावला, की निदान हमखास वाहवत जातं.

एक टकटकच घेऊ. बोनेट उघडल्यावर वरच्या बाजूनं येणारी, शिवणयंत्रासारखी बारीक, तालात चालणारी टकटक. बाकड्यावरचं एकमत: टॅपेट. असेलही. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह एकदा उघडतो, म्हणून गाडी स्लोला आठशेच्या आसपास फेरे घेत असेल तर एका व्हॉल्व्हची टकटक मिनिटाला चारशेच्या घरात पडते. रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात एक बारीक फट ठेवलेली असते. ती फिलर गेजच्या पात्यानं मोजतात. पातं जरासं चिकटत, पण न अडकता सरकलं पाहिजे. फट वाढली की टकटक. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत असेल तरी अशीच टकटक येते. प्लग नीट आवळला नसेल तर अशीच येते. डिझेलच्या गाडीत इंजेक्टरही असाच वाजतो. पिस्टन आणि सिलिंडरमधलं अंतर झिजून वाढलं असेल तर गार इंजिनात पिस्टन भिंतीवर आपटतो, त्याला बारकाईनं ऐकलं तर टकटक म्हणता येतं आणि जरा लांबून ऐकलं तर ठकठक. आता मुख्याध्यापकांनी कितीही प्रामाणिकपणे, अगदी नाकातनं आवाज काढला, तरी या पाचांतला नेमका कुठला ते त्यावरून ठरत नाही. ठरतं ते वेळेवरून. सकाळी गाडी चालू केल्यावर येतो आणि गाडी तापली की नाहीसा होतो? मग मॅनिफोल्ड किंवा पिस्टन, कारण धातू तापून फुगतो आणि फट बुजते. त्यातही ॲक्सिलेटर दाबला की फुसफुशीसकट वाढतो? मग संशयाची सुई मॅनिफोल्डकडं. गार-गरम काही असो, एकसारखा येतो, रेस केली की तालासकट पळतो? मग टॅपेट बघा. एक-एक प्लगची वायर काढून बघितल्यावर एका सिलिंडरला आवाज बदलतो? मग दुखणं त्या घरातलं. म्हणजे एकाच टकटकीची चार भांडणं एका ‘कवा’नं मिटतात. ‘कसा’ आपला बाकड्यावर बसून राहतो.

‘कसा’च्या बरोबरीनं ‘कुठं’ हाही प्रश्न लोक मोठ्या आत्मविश्वासानं सोडवतात. "हितनं येतोय," असं म्हणून बोनेटवर जिथं बोट ठेवतात तिथं बहुतेक वेळा वॉशरच्या पाण्याची बाटली असते. त्यात त्यांचा दोष नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो आणि पोलादातून पाच हजार मीटरच्या वर. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस, फायरवॉल हे सगळं एकमेकांना बोल्टनं आवळलेलं. एका टोकाला बेरिंग कुरकुरलं की ती कुरकुर पत्र्यापत्र्यातून फिरत कुठल्यातरी सैल झाकणापाशी जाऊन बाहेर पडते आणि आपण त्या झाकणाला दोष देतो. म्हणून मिस्त्री लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतो, टोक एखाद्या भागावर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरनं 1816 साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला, त्याच घराण्यातली ही विद्या. पाण्याचा पंप, डायनॅमो, टायमिंगचं कव्हर, डोम अशी एकेक जागा तपासत गेलं की जिथं आवाज एकदम कानात घुसतो तिथं आजार. बघणाऱ्याला मात्र वाटतं, हा उघड्या इंजिनाशी काहीतरी खासगी बोलतोय. (पंखा फिरत असताना हा प्रयोग घरी करू नये. सदऱ्याची बाही, गळ्यातली चेन आणि उपरणं यांचं फॅनबेल्टशी जुनं वैर आहे.)

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर आपल्या लोकांना एक आठवण करून द्यायला हरकत नाही. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत दवाखाना काढल्यापासून या पंचक्रोशीतला माणूस दुखणं घेऊन मिरजेला जातो. म्हणजे चांगल्या डॉक्टरला काय सांगावं लागतं याचा आपल्याला शंभरावर वर्षांचा सराव आहे. पोट दुखतं म्हणून गेलेला माणूस पोटाची नक्कल करून दाखवत नाही. डॉक्टर विचारतात, जेवायच्या आधी दुखतं की नंतर, रात्री उठवतं का, वाकल्यावर वाढतं का. आणि हा नीट उत्तरं देतो. तोच माणूस गाडी घेऊन गेला की सगळं शहाणपण मिरजेच्या स्टँडवर ठेवून येतो.

मग ‘कधी’ विचारायचं म्हणजे काय विचारायचं? पहिला घाव हा घालायचा, की आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे की चाकाच्या. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी पन्नासच्या वेगाला न्यायची, मागं-पुढं कुणी नाही हे बघायचं आणि न्यूट्रल करायची. इंजिन स्लोला आलं आणि आवाजही मावळला, तर तक्रार इंजिनाच्या बाजूची. गाडी नुसती घरंगळतेय आणि आवाज तसाच येतोय, तर इंजिन निर्दोष. चाकाचं बेरिंग, टायर, ब्रेक यांच्याकडं बघा. अर्ध्याहून जास्त ‘इंजिनचे आवाज’ या एका चाचणीत इंजिनाबाहेर निघून जातात अशी माझी समजूत आहे. चाकाचं बेरिंग घूंऽऽ करत असेल तर गाडी हलकेच उजवीकडं-डावीकडं झुकवली की सूर बदलतो, कारण वळताना ओझं बाहेरच्या चाकावर पडतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पूर्ण वळण घेताना कटकट-कटकट ऐकू आली आणि सरळ रस्त्याला लागल्यावर थांबली, तर एक्सलचा जॉइंट. स्पीडब्रेकरवरच येतो? मग शॉकअप, लिंक रॉड, बुश; आणि स्पीडब्रेकरची आपल्याकडं टंचाई नसल्यानं या चाचणीसाठी वेगळा रस्ता शोधावा लागत नाही. गाडी उभी, न्यूट्रलला, क्लच दाबल्याबरोबर आवाज येतो, तर रिलीज बेरिंग. उलट क्लच दाबल्याबरोबर आवाज थांबतो, तर गिअरबॉक्समधलं बेरिंग. एकाच पायाच्या दोन हालचालींनी हजारो रुपयांच्या दोन वेगळ्या कामांचा निवाडा होतो आणि त्याला पेट्रोलही फारसं लागत नाही. स्लोला सगळी गाडी धडधडते, दारं थरथरतात, आरसा नाचतो, आणि जरा रेस केली की सगळं शांत? मग इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसवलंय ती रबरं, बसलीत. मारुती 800 च्या तीन सिलिंडरांना मुळातच अंग हलवून बोलायची सवय असल्यानं तिच्यात हे फार दिसतं. थंडीच्या सकाळी किंवा पावसात गाडी चालू केल्यावर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंकाळी येते? बेल्ट. चालत्या बेल्टवर बाटलीतून जरा पाणी उडवावं. पाण्यानं आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. थांबला आणि वाळल्यावर परत आला, तर बेल्ट जुना आहे किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. आणि भर एप्रिलात, चार माणसं भरून, दंडोबाचा चढ वरच्या गिअरमध्येच काढायचा हट्ट धरल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर ते नॉकिंग. गिअर उतरवला की थांबतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत फार झालं तर टायमिंग जरा मागं घ्यावं लागतं. गिअर उतरवणं हा कमीपणा समजणाऱ्या चालकांच्या गाड्यांत हे दुखणं कायमचं वस्तीला असतं.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो जुन्या गाडीवाल्यांच्या काळजातला आहे: "अहो, पण गॅरेजात नेली की आवाज येतच नाही!" हा जगातला सर्वांत जुना अपमान. आठ दिवस घरच्यांची झोप उडवणारी खडखड मिस्त्रीसमोर अशी चिडीचूप होते, की मालक आधी गाडीकडं, मग मिस्त्रीकडं, शेवटी आकाशाकडं बघतो. कोर्टात साक्षीदार उलटल्यावर वकिलाचा चेहरा असा होतो. मिस्त्रीच्या डोळ्यांत दया असते, ती सर्वांत जास्त लागते. लोक याला गाडीचा खोडसाळपणा म्हणतात. त्यात खोडसाळपणा नाही, तापमान आहे. ढालगावहून किंवा नागजहून निघालेली गाडी कवठ्यात पोहोचेपर्यंत चांगली तापलेली असते. ज्या फटींमुळं सकाळी आवाज येत होता त्या तोवर बुजलेल्या असतात. चढावर, ओझ्यानं येणारा आवाज गॅरेजच्या सपाट फरशीवर येणारच नाही. तिथं ना चढ आहे, ना मागच्या शिटावर पाहुणे. म्हणजे गॅरेजात आवाज येत नाही ही तक्रार नसून पुरावा आहे, आणि तोही अत्यंत मोलाचा. आवाज कधी येत नाही, हेसुद्धा ‘कधी’चंच उत्तर आहे. मिस्त्रीसमोर ओशाळं होऊन "मघापर्यंत येत हुता हो" म्हणण्याऐवजी "गार असताना येतो, तापल्यावर जातो" एवढं म्हटलं असतं तर अर्धं निदान फुकटात झालं असतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, खऱ्या उस्तादाला असलं काही विचारावं लागत नाही. गाडी कोपऱ्यावरून वळताना ऐकूनच तो सांगतो. मिरज जवळ असल्यामुळं या आक्षेपाला वजन आहे. तिथले सतारमेकर तंबोऱ्याची जवारी काढतात. घोडीचा माथा अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं, आणि झंकार मनासारखा भरला की थांबायचं. तिथं ‘कसा’ हाच सगळा प्रश्न आणि कान हाच न्यायाधीश. मान्य. पण तंबोरा कारागिराच्या मांडीवर, शांत खोलीत, एका वेळी एका तारेनं बोलत असतो. त्याला ना चढ, ना क्लच, ना शेजारी हॉर्न वाजवणारं वडाप. आणि उस्ताद मिस्त्रीकडं नीट बघितलं तर तोही नुसता ऐकत नाही. "जरा रेस करा... सोडा... क्लच दाबा... सोडा... एसी लावा," हे चाललेलं असतं ते काय असतं? तोंडानं न विचारता तो गाडीलाच ‘कवा’ विचारत असतो. कोपऱ्यावरून ऐकून सांगणाऱ्यालाही गाडी वळतेय, पहिल्या-दुसऱ्या गिअरला आहे, वेग कमी आहे हे दिसलेलं असतं. त्याची करामत कानात जेवढी आहे, त्याहून जास्त या हिशेबात आहे.

तिसरा आक्षेप तरुणांचा: आता स्कॅनर आलाय, लॅपटॉप आलाय, कान कशाला हवा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही, हे उत्तर पुरेसं आहे. पण त्याहून मजेदार उत्तर नव्या गाडीतच दडलंय. पुष्कळ नव्या इंजिनांना नॉक सेन्सर असतो, म्हणजे कंपनीनं इंजिनाला बसवलेला कानच. हा कान चोवीस तास उघडा ठेवलेला नसतो. ठिणगी पडल्यानंतर क्रँक ठरावीक कोनातून जात असतो तेवढ्याच क्षणापुरतं त्याचं म्हणणं कॉम्प्युटर ऐकतो. एरवी ऐकलं तर व्हॉल्व्ह बसल्याचा आवाजही नॉकिंग वाटेल, म्हणून. थोडक्यात, लाखो रुपयांच्या गाडीतला कॉम्प्युटरही आधी ‘कवा’ बघतो, मग ‘कसा’. कवठ्याच्या मिस्त्रीनं याचं पेटंट घेतलं नाही ही त्याची चूक.

मोबाईलनं मात्र ‘कसा’चा धंदा पुन्हा तेजीत आणलाय. बोनेट उघडायचं, व्हिडिओ काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात तमिळनाडूकडं गेलेला चुलतभाऊ तिथून "हेड गॅस्केट" असं कळवतो, पुण्याची आत्या हात जोडल्याचं चित्र पाठवते, आणि एक जण चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. कॉल लावून आवाज ऐकवायला गेलं तर आणखी गंमत. फोन माणसाचं बोलणं पोहोचवायला बनवलेला. मागची एकसारखी घरघर तो कचरा समजून दाबून टाकतो. म्हणजे मिस्त्रीला इंजिन ऐकू येत नाही, "येतोय का? येतोय का?" एवढंच ऐकू येतं. व्हिडिओ काढायचाच तर गाडी गार असताना चालू करण्याआधीपासून काढावा, तोंडानं "आता क्लच दाबला, आता सोडला" असं बोलत काढावा. मग तो पुरावा होतो.

त्यातून घरात एकमत होईल अशी आशाही धरू नये. तरुण, निकोप कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं म्हणतात, पण वय वाढेल तसा वरचा टप्पा झिजत जातो. त्यामुळं डायनॅमोच्या बेरिंगची बारीक शिट्टी मागच्या शिटावरच्या नातवाला ऐकू येते, चालवणाऱ्या आजोबांना येत नाही. आजोबा म्हणतात, "गप बस, काय वाजत नाही." नातू कानांवर हात ठेवतो. दोघंही खरं बोलत असतात. उलट खालच्या पट्टीतला ठोका आजोबांच्या तळपायाला कळतो आणि नातवाला ते गाण्याचा बेस वाटतो. म्हणून गाडी दाखवायला जाताना घरातलं एक पोरगं बरोबर न्यावं. अनेक गॅरेजांत जे उपकरण नसतं ते घरबसल्या मिळतं.

आता उरला तो आक्षेप, जो कुणी बोलून दाखवत नाही, सगळे नुसता अमलात आणतात: टेप मोठा करायचा. हा उपाय सर्वांत स्वस्त, सर्वांत लोकप्रिय, आणि खरं सांगायचं तर काही आवाजांना अगदी योग्य. वाजतंय म्हणजे बिघडलंय असं असतं तर 1948 साली पुणे-नगर रस्त्यावर धावलेल्या पहिल्या बसनंतर एसटी महामंडळानं कधीच गाशा गुंडाळला असता. सायलेन्सरभोवतीचा उष्णतेचा पत्रा सैल झाला की असा काही थयथयाट करतो, की मालकाला वाटतं इंजिन आता रस्त्यावर उतरणार. त्याला एक क्लिप पुरते. उलट सर्वांत महागडं दुखणं कधीकधी मुकाट्यानं येतं. गॅसकिटवर फार चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी-कमी होत बुजते. टकटक गेली म्हणून मालक खूष. इकडं व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. म्हणून जुने मिस्त्री जरा वाजणाऱ्या टॅपेटला हात लावत नाहीत. "वाजूंद्या, वाजतंय म्हणजे हाय," हे त्यांचं म्हणणं आळशीपणाचं वाटतं, पण त्यात इंजिनाचं अर्धं शास्त्र आहे. यावरून टेप मोठा करणाऱ्यांनी विजय साजरा करू नये, कारण कुठला आवाज सोडून द्यायचा हेही ‘कधी’वरूनच ठरतं. वर्षभर तोच, तसाच, त्याच वेळी येणारा आवाज हा घरातला माणूस. कालपर्यंत नव्हता आणि आज आला, किंवा काल फक्त चढावर होता आणि आज सपाटीवरही आला, तो पाहुणा नव्हे, वसुलीवाला.

"मग विकून का टाकत नाही?" असं विचारणारे लोक असतातच. पहिली मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 नंतर तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे तिच्यातली अगदी धाकटी बहीणसुद्धा आता वयात आली म्हणता येणार नाही, वयातून गेली म्हणावं लागेल. ॲम्बॅसॅडरही त्याच 2014 सालात आटोपली. एमएच 10 च्या पाट्या लावून फिरणाऱ्या या म्हाताऱ्या पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी करून घेतात आणि बागेच्या रस्त्यानं बेदाण्याच्या शेडपर्यंत जाऊन येतात. त्यांची बाजारात जी किंमत येते तीत नव्या गाडीचे टायर येतात. नव्या गाडीला आवाज नसतो हाही भ्रम; तिला हप्ता असतो, आणि तो दर महिन्याला ठरल्या तारखेला वाजतो. तेव्हा जुनी ठेवणं हा शहाणा व्यवहार आहे, पण एका अटीवर: चुकीचं निदान परवडत नाही. पॅकिंग फुंकत असताना टॅपेट समजून झाकण काढलं, आवाज गेला नाही म्हणून हेड उतरवलं, हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्ह घासून घेतले, व्हॉल्व्ह घासलेच आहेत तर रिंगा का सोडा. असं करत करत शेवटी "हाफ इंजिन करूनच टाकू" या गावाला माणूस पोहोचतो आणि गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक ऐकू येते. दोष मिस्त्रीला देतात. पण ‘कवा’ला उत्तर न मिळालेल्या मिस्त्रीनं तरी उघडून बघण्याखेरीज काय करावं?

एका आवाजाच्या बाबतीत मात्र प्रश्नोत्तरं, बाकडं, ग्रुप, सगळं बाजूला ठेवायचं. खालून, इंजिनाच्या पोटातून जड ठोका पडतोय, ॲक्सिलेटर सोडताना जास्त ऐकू येतोय, आणि समोर ऑइलचा तांबडा दिवा मिचकावतोय, तर गाडी आहे तिथं बाजूला घेऊन बंद करायची. "एवढं गावापर्यंत जाऊ दे" म्हणून पुढं नेली, तर रॉड बेरिंगचं काम फुल इंजिनाचं होतं, आणि कधी रॉडच ब्लॉक फोडून बाहेर डोकावतो. बाकी सगळ्यांसाठी आधी बोनेट उघडून पट्टी काढा आणि ऑइल बघा. नसलेल्या ऑइलचे आवाज सर्वांत जास्त प्रकारचे असतात. मग दोन दिवस कागदावर टिपा: गार की गरम, उभी की चालती, चढ की उतार, क्लच दाबलेला की सोडलेला. नक्कल घरी विसरून या. आणि आवाज फक्त सकाळी गार गाडीलाच येत असेल, तर आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजातच लावून एसटीनं घरी जा.